फळा बदलला, डाव तोच

सध्या विद्यापीठांत 'गेमिफिकेशन' हा शब्द जोरात आहे. म्हणजे शिकवण्यात खेळाचे नियम आणायचे: बरोबर उत्तराला पॉइंट, धडा संपवला की बॅज, रोज लॉगिन केले की बक्षीस, आणि वर्गातल्या सगळ्यांची नावे क्रमाने लावणारा लीडरबोर्ड. जोडीला एआय आणि व्हर्च्युअल रिॲलिटी आहेच. या सगळ्यामागे एक गृहीतक आहे, की यंत्राला जात नसते, त्यामुळे ज्या वर्गात यंत्र शिरले तिथून जात आपोआप बाहेर जाईल. आमचा वाद या गृहीतकाशी आहे, तंत्रज्ञानाशी नाही.

खेळातून शिकवणे आपल्याकडे मुळीच नवे नाही. ज्ञानचौपड आणि मराठीतला मोक्षपट हे शिकवणीचेच खेळ होते. सद्गुणाच्या घरात शिडी, दुर्गुणाच्या घरात साप, शेवटच्या घरात मोक्ष. (तो ज्ञानेश्वरांनी काढला असे सांगतात, त्याला भक्कम पुरावा नाही.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडमध्ये पोचला आणि सापशिडी झाला. पट शिकवत होता कर्माचे फळ, पण सोंगटी कुठे जाणार हे ठरवत होत्या कवड्या! खेळणाऱ्याने ना पुण्य केलेले असायचे, ना पाप. योगायोगाने वर गेलेल्याला पुण्यवान म्हणायचे, हे या खेळाचे खरे शिक्षण. आज जन्माने मिळालेल्या सोयींना 'मेरिट' म्हणणारे यापेक्षा वेगळे काय करतात? निदान त्या पटावर सगळ्यांची सुरुवात एकाच घरातून व्हायची. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली, ती इथे आठवावी. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. तिथे शिडीचे चित्रसुद्धा नाही.

आता वर्गातल्या साधनांकडे येऊ. फळा आणि खडू हे एके काळचे नवे तंत्रज्ञानच. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. शिक्षकांनी गणित सोडवायला भीमरावांना फळ्याकडे बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला, कारण फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. डबे हलवल्यावरच भीमराव फळ्यापर्यंत पोचू शकले. शाळा सरकारी, फळा सार्वजनिक, गणित सगळ्यांना सारखे. तरी फळ्याकडे जाण्याची वाट जातीची होती. साधनाची चर्चा करताना आम्हाला ही वाट पाहायची आहे.

स्वतंत्र भारतात उपग्रह आला. 1984 च्या 15 ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाने 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केला. लहान गावातल्या विद्यार्थ्यापर्यंत दूरदर्शनवरून उत्तम शिक्षण न्यायचे, हा हेतू चांगलाच होता. पण कार्यक्रम बहुतांश इंग्रजीत होते, आणि टीव्ही ज्यांच्या घरी त्यांच्यासाठीच होते. पुढे 2004 मध्ये एज्युसॅट उपग्रह गेला, 2017 मध्ये 'स्वयम्' आले. 2021 च्या नियमांनुसार तर एखाद्या सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून करता येतात. दर वेळी दुर्गम भागातल्या गरीब विद्यार्थ्याचेच नाव पुढे केले गेले.

त्या विद्यार्थ्याच्या घरात काय होते? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीत (2017-18) ग्रामीण भागातल्या फक्त 4.4 टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि 14.9 टक्के कुटुंबांकडे इंटरनेट. शहरात हेच आकडे 23.4 आणि 42. यानंतर दोनच वर्षांत टाळेबंदी लागली आणि सगळे विद्यापीठ मोबाइलवर गेले.

आणि ज्यांच्याकडे नेटवर्क होते त्यांचे तरी काय झाले? एप्रिल 2021 मध्ये आयआयटी खरगपूरच्या ऑनलाइन वर्गाचा व्हिडिओ देशभर फिरला. अनुसूचित जाती-जमातींचे आणि दिव्यांग विद्यार्थी असलेल्या पूर्वतयारी वर्गाला एक प्राध्यापिका शिवीगाळ करत होती. कॅमेरा सुरू, रेकॉर्डिंग सुरू, तरी जीभ आवरली नाही. त्याआधी एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने 2007 मध्ये मेसमध्ये आणि खेळाच्या मैदानावरही आपल्या मुलांना वेगळे पाडले जाते, हे नोंदवले होते. ज्यांना खऱ्या मैदानात खेळायला घेतले जात नाही, त्यांना पडद्यावरच्या खेळात बरोबरीने घेतील?

म्हणून लीडरबोर्डकडे आम्ही संशयाने पाहतो. प्रवेशयादीतला रँक आणि कॅटेगरी विचारून जात काढणे हा आपल्या कॅम्पसवरचा जुना उद्योग आहे. त्याच मुलांची क्रमवारी आता रोज, भर वर्गात, रंगीत पडद्यावर लागणार. 'कहूत' हे नॉर्वेत तयार झालेले प्रश्नमंजुषेचे साधन घ्या. त्यात अचूकतेसोबत वेगालाही गुण असतात. लवकर उत्तर दिले तर जास्त. इंग्रजी प्रश्न मनात मराठीत, गोंडीत किंवा पावरीत फिरवून समजून घेणाऱ्या मुलीचे चार सेकंद तिथेच गेले. तिला विषय येतो, पण बोर्डावर ती खाली दिसते. आठ-दहा वेळा असे झाले की तीही स्वतःला खालची समजू लागते. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे इतके नेटके यंत्र मनुवाद्यांनाही सुचले नसते.

मग खेळ फेकून द्यायचा का? नाही. 1946 च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू करताना बाबासाहेबांनी सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्याला शिकून कामावर जाता यावे. त्यांनी यंत्र आणले नाही, वेळापत्रकाचा नियम बदलला. त्या एका नियमाने ज्यांच्यासाठी कॉलेज नव्हतेच असे लोक पदवीधर झाले. केव्हाही पाहता येणारे रेकॉर्डेड व्याख्यान आज तेच काम करू शकते. व्हर्च्युअल प्रयोगशाळेत आदिवासी पाड्यावरची मुलगी रसायनाचा प्रयोग दहा वेळा चुकवून पुन्हा करू शकते, कोणी हसणार नाही. चुकायची मोकळीक ही खेळाची सगळ्यात मोठी देणगी, आणि नेमकी तीच क्रमवारीत मारली जाते.

तेव्हा तुमच्या विभागात असे ॲप येईल तेव्हा विद्यार्थी म्हणून लेखी प्रश्न विचारा. क्रमवारी नावानिशी सगळ्यांना दिसणार की ज्याची त्याला? वेगाचे गुण बंद करता येतात का? प्रश्न मराठीत आहेत का? व्याख्यान उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय पाहता येते का? आमचा डेटा कुठे जातो? आणि समान संधी कक्षाला हे ॲप निवडताना विचारले होते का? उत्तर लेखीच घ्या, आणि मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. खाजगी कंपनीशी झालेला करारही त्यात मागा.