जंजिऱ्याचा धडा

राजपुरीच्या खाडीच्या मुखाशीं, चोहों बाजूंनीं समुद्रानें वेढलेला जंजिरा हा महाराष्ट्राच्या इतिहासांतील एक न सुटलेला प्रश्न होय. ज्यांनीं विजापूरच्या दरबारास जेरीस आणलें, सुरतेवर दोनदां छापा घातला, त्या शिवछत्रपतींना उंबरठ्यावरचा हा एक दुर्ग घेतां आला नाहीं. सत्ता लहान, पण स्थान अभेद्य, आणि उपद्रव मात्र मोठा. अशा शेजाऱ्याशीं वागावें कसें? हाच प्रश्न आज उत्तर कोरियाच्या रूपानें साऱ्या जगापुढें उभा आहे.

पहिला उपाय बळाचा. १६६९ सालीं महाराजांनीं जंजिऱ्याची इतकी कोंडी केली कीं, किल्लेदार फत्तेखान तहास राजी झाला. पण त्याच्याच हाताखालच्या सिद्दी सरदारांनीं त्याला कैद करून सत्ता बळकावली व मोगलांचा आश्रय घेतला. पुढें कांसा बेटावर पद्मदुर्ग उभा राहिला. १६७६ सालीं मोरोपंतांनीं वेढा घातला, तोहि उठवावा लागला. १६८२ सालीं संभाजीराजांनीं खाडींत भराव घालून बेटापर्यंत वाट करण्याचा यत्न केला, तों मोगली फौज कोंकणांत उतरली व तें काम अर्धवट राहिलें.

या अपयशाचें कारण केवळ खाऱ्या पाण्यांत शोधणें बरोबर नाहीं. जंजिरा एकाकी दिसे, पण एकाकी नव्हता. औरंगजेबाकडून त्याला पैसा व गलबतें मिळत. पावसाळ्यांत सिद्दीचें आरमार मुंबई बंदरांत आसरा घेई. इंग्रजांना हा पाहुणा मनापासून नको असे. पण त्याला नकार दिला, तर सुरतेच्या वखारीवर मोगलांची खप्पामर्जी होईल, ही त्यांना धास्ती. सिद्दी तेथून निघून पेण-नागोठण्याकडची गांवें लुटी, आणि हाल होत ते कोंकणच्या रयतेचे.

आतां आजच्या काळाकडे वळूं. उत्तर कोरियानें ९ ऑक्टोबर २००६ रोजीं पहिला अणुस्फोट केला आणि पांचच दिवसांनीं सुरक्षा समितीनें निर्बंध लादले. तरीहि २०१७ पर्यंत स्फोटांची संख्या सहा झाली. त्या देशाचा बहुतेक व्यापार चीनशीं चालतो. आणि मार्च २०२४ मध्यें रशियानें नकाराधिकार वापरून निर्बंधांवर देखरेख करणारें तज्ज्ञमंडळच मोडीत काढलें. मोगल दरबार व मुंबईचें बंदर यांची भूमिका आज कोण वठवीत आहे, हें निराळें सांगावयास नको.

हें सारें आपल्यापासून दूर आहे, असेंहि नाहीं. १९९९ सालीं कांडला बंदरांत उत्तर कोरियाचें एक जहाज अडवलें, तेव्हां त्यांत क्षेपणास्त्रांचे भाग निघाले. जानेवारी २०२४ मध्यें आपल्या नवी मुंबईच्या न्हावा-शेवा बंदरांत चीनहून कराचीला जाणारें एक संगणक-नियंत्रित यंत्र, अणुकार्यक्रमांत उपयोगी पडेल या संशयावरून, सीमाशुल्क अधिकाऱ्यांनीं थांबविलें. तें साध्या व्यापारी कामाचें यंत्र असल्याचें पाकिस्ताननें सांगितलें. असा माल साध्या मालाच्या वेषांतच फिरतो. म्हणून पहारा गोदीवरच हवा.

पेशव्यांनीं निराळी वाट धरली. १७३३ च्या मोहिमेंत बाजीरावांनीं सिद्दीच्या अंतःकलहाचा लाभ घेतला. रायगड परत मिळाला, सिद्दीचा मुलूख आवळला गेला, आणि जंजिरा पडत नाहीं असें दिसतांच त्यांनीं तह केला. १७३६ सालीं चिमाजीअप्पांनीं सिद्दी सात यास रणांत ठार केलें, तेव्हां त्या सत्तेचा दांतच पडला. दुर्ग उभा राहिला, पण उपद्रव ओसरला.

अर्थात् उपमेला मर्यादा आहे. जंजिऱ्याची तोफ फार तर खाडीपलीकडे पोंचे. अण्वस्त्र एका प्रहरांत एक महानगर भस्म करील. म्हणून बळाचा मार्ग येथें बंदच समजला पाहिजे. निव्वळ उपासमारीचा मार्गहि तितकाच अनिष्ट. १९९० नंतरच्या दशकांत त्या देशांत भीषण दुष्काळ पडला, लाखों माणसें मेलीं, राजवट मात्र टिकली. उरतो तो तिसरा मार्ग: शस्त्रसामग्रीचीं मागचीं दारें बंद करावीं, अन्न व औषध यांची वाट मोकळी ठेवावी, आणि बोलणीं कधीं तोडूं नयेत. २०१९ सालीं हनोई येथें सर्वस्वाची मागणी व सर्वस्वाची सूट यांच्या ओढाताणींत बोलणीं फिसकटलीं. अर्ध्यावर समाधान मानण्याची बाजीरावांची दृष्टि तेथें उपयोगी पडली असती.

अशा तडजोडीनें जुलमी सत्तेस मान्यता मिळते, हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु फत्तेखानाचें उदाहरण विसरूं नये. तहास तयार होणाऱ्याला आपल्याच माणसांचें भय असतें; त्याला जगण्याची हमी नसेल, तर तो शस्त्र खालीं ठेवणार नाहीं. २००३ सालीं अणुकार्यक्रम सोडणारा लिबियाचा गद्दाफी २०११ सालीं मारला गेला, हें प्याँगयांगनें नीट पाहिलें आहे.

जंजिरा अखेर तोफेनें पडला नाहीं. १९४७ सालीं त्याच्या पाठीशीं असलेली साम्राज्यसत्ता गेली आणि १९४८ सालीं तें संस्थान भारतांत विलीन झालें. अभेद्य तटाचें बळ पुष्कळदां तटाबाहेर असतें. तें कोठें आहे हें ओळखून, रयतेस न चिरडतां, तें धीरानें काढून घेणें, हीच अशा प्रसंगीं खरी मुत्सद्देगिरी होय.