अमृतराव घाटावरचा न दिसणारा दिवा

काशीचा राजा घाट तुमच्यापैकी अनेकांनी होडीतून पाहिला असेल. नारद घाटाच्या शेजारचा. त्याचं जुनं नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे, त्यांनी तो नव्याने बांधून घेतला. गेल्या हिवाळ्यात मी नातवाला घेऊन तिथे गेलो आणि पायऱ्यांवर एक खेळ मांडला. आजची गोष्ट त्या खेळाची आणि अमृतरावांची.

सामान अगदी साधं होतं. दोन आर्दुइनो बोर्ड, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसा एक इन्फ्रारेड एलईडी आणि तीन पायांचा एक रिसीव्हर. एलईडी खालच्या पायरीवर, रिसीव्हर बारा-पंधरा पावलं वर. एक नाववाला बराच वेळ बघत उभा होता. शेवटी म्हणाला, "बाबूजी, इसमें बत्ती तो जलती ही नहीं." नातवाने मोबाइलचा कॅमेरा एलईडीसमोर धरला, तेव्हा पडद्यावर जांभळट ठिणगी लुकलुकताना दिसली. गडी खूश!

हा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश विल्यम हर्शेलला सापडला १८०० साली. लोलकाने प्रकाशाचे रंग वेगळे करून त्याने प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा आणखी चढला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात नाना फडणवीस वारले आणि पेशवाईची घडी विस्कटायला लागली.

आता आमच्या दुव्याकडे. एलईडी नुसता चालू-बंद करून भागत नाही, कारण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. म्हणून तो सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकवायचा. रिसीव्हर फक्त तेवढीच लुकलुक ऐकतो, बाकीच्या स्थिर उजेडाकडे दुर्लक्ष करतो. लुकलुकीच्या दोन झटक्यांमध्ये छोटी फट आली तर शून्य, मोठी आली तर एक. रिमोटच्या एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक आकडा दोनदा जातो, एकदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. दोन्ही जुळले नाहीत तर रिसीव्हरने संदेश टाकून द्यायचा. सैन्यात आम्ही हेच तोंडाने करायचो. समोरच्याने हुकूम परत म्हणून दाखवल्याशिवाय तो पोचला असं धरायचं नाही.

पहाटे अंधारात दुवा झकास चालला. मग समोरच्या वाळवंटावर सूर्य आला आणि सगळं ठप्प. काशीचे घाट पूर्वाभिमुख आहेत, आमचा वरचा रिसीव्हर थेट सूर्याकडे तोंड करून बसलेला. स्थिर उजेड गाळता येतो खरा, पण तो इतका पडला की रिसीव्हरचा डोळाच दिपतो. गंमत बघा, जबलपूरच्या सिग्नल्स संग्रहालयात मी पाहिलेला हेलिओग्राफ म्हणजे आरशाने ऊन फेकून संदेश पाठवायचं यंत्र. हेन्री मान्सने ते १८६९ मध्ये कराचीत बनवलं. त्याला सूर्य नसला की काम बंद, आमच्या खेळण्याला सूर्य असला की बंद. शेवटी आम्ही जागा बदलल्या. रिसीव्हर खाली, सूर्याकडे पाठ करून, आणि भोवती काळ्या कागदाची नळी. दुवा पुन्हा जुळला.

नातवाने विचारलं, "आजोबा, मग आता खोटा संदेश येणारच नाही ना?" मी त्याला घाट दाखवला आणि अमृतरावांची हकिकत सांगितली.

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला विजय मिळवला, दुसरा बाजीराव पळाला आणि होळकरांनी पुण्याचा कारभार अमृतरावांकडे सोपवला. बाजीरावाने वसईचा तह केला. त्याला गादीवर बसवायला आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, पुण्याकडे निघाला. वाटेत एप्रिल १८०३ मध्ये त्याला खबर मिळाली की अमृतराव पुणं जाळणार आहेत. घोडदळ घेऊन तो सुमारे ६० मैल ३२ तासांत तोडत २० एप्रिलला पोचला. अमृतराव आधीच निघून गेले होते आणि पुणं शाबूत होतं.

माझं मत विचाराल, तर सेनापती म्हणून वेलस्लीने केलं ते बरोबरच केलं. अशा खबरेवर थांबून चालत नाही. पण पुणं जाळायला निघालेला माणूस हा शिक्का मात्र अमृतरावांवर बसला, आणि तो अजून पुस्तकांत भेटतो. सरळ-उलट आकडे जुळवले की वाटेत काही बिघडलं नाही एवढंच कळतं. पाठवणाऱ्याने खरं पाठवलं की नाही, हे कुठलाही रिसीव्हर सांगत नाही. पुढे चारच महिन्यांत त्याच वेलस्लीने अमृतरावांशी करार करून त्यांना तनखा बांधून दिला.

अमृतराव उत्तरेत स्थिरावले, कर्वीला आणि इथे काशीला. ते हयात असतानाच जॉर्ज एव्हरेस्टने, ज्याचं नाव पुढे शिखराला दिलं त्यानेच, कलकत्त्यापासून काशीपर्यंत सुमारे ६४० किलोमीटरच्या मनोरा-तारायंत्राच्या मार्गाची पाहणी केली होती. एका मनोऱ्यावरची खूण पुढच्याने दुर्बिणीतून वाचायची आणि पुढे धाडायची. त्यातले काही मनोरे बंगालमध्ये हावडा, हुगळी, बांकुडा भागात अजून उभे आहेत. १८२४ मध्ये अमृतराव काशीतच वारले.

नातवाने हे सगळं ऐकून घेतलं आणि खालच्या पायरीवर जाऊन बसला. त्याने पाठवलेली अक्षरं माझ्या लॅपटॉपवर एकेक करून उमटली: पुणे शाबूत.