वरठ्याचे बलुते आणि श्रमाचे मोल

आपल्या समाजाची बखर कोणी लिहून ठेवली नाही. तथापि जो इतिहास ज्ञात आहे, तो नव्या पिढीपुढे मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

वैनगंगेच्या खोऱ्यातील या धानाच्या मुलखात वरठी हा गावाचा सेवक होता. सणासुदीचे, बाळंतिणीचे व सुतकाचे कपडे त्याच्याकडे येत. भट्टी लावावी, खार मातीने मळ काढावा, कपडे घाटावर आपटून घरपोच करावे, हा त्याचा नित्यक्रम. त्याबद्दल सुगीला प्रत्येक घरून ठराविक धान्य मिळे. मध्यप्रांतातील जातींवरील रसेल व हिरालाल यांच्या 1916 सालच्या ग्रंथातही या वार्षिक धान्याचा उल्लेख आहे. या रीतीत पोटाची काहीशी हमी होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु माप देणाऱ्याच्या हाती असे. घरात माणसे वाढली की धुणे वाढे. माप आपोआप वाढत नसे. शिवाय जो इतरांचा विटाळ धुऊन काढी, त्यासच लोक विटाळलेला मानीत. 1936 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात मध्यप्रांतातील ज्या मोजक्या जिल्ह्यांत धोब्यांची नोंद झाली, त्यांत भंडारा जिल्हा होता. आणि आजचा गोंदिया जिल्हा 1999 पर्यंत त्याचाच भाग होता.

पुढे 1887 साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. लोहमार्गावरील गोंदिया हे व्यापाराचे ठाणे बनले. शहरात नगावर रोख दाम घेण्याची सोय झाली. आपल्या कामाची किंमत आपण सांगावी, हा अधिकार कारागिराच्या दृष्टीने लहान नव्हे.

याच परीट समाजात 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे गाडगेबाबांचा जन्म झाला. हाती खराटा घेऊन त्यांनी गावोगाव झाडली आणि काम केल्यावाचून भाकरी घेतली नाही. 1956 साली ते निवर्तले. आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. हा गौरव आम्हांस शिरोधार्य आहे. तथापि खराट्यास वंदन करावे आणि खराटा धरणाऱ्याच्या मजुरीत घासाघीस करावी, ही विसंगती अद्याप संपलेली नाही.

1948 साली देशात किमान वेतनाचा कायदा झाला. त्याने मालकाच्या हाताखालील कामगारास आधार दिला. पण जो दारोदार कपडे गोळा करून इस्त्री करतो, त्यास मालकच नाही; त्याचा दर गिऱ्हाइकाच्या न्यायबुद्धीवर राहतो. म्हणून सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे की, आपली मुले शिकून अधिकारपदी जावोत, पण वडिलांचा धंदा सांगताना त्यांनी मान खाली घालू नये. आणि आपल्या घरी जो झाडतो, धुतो वा ओझे वाहतो, त्याचे दाम ठरविताना आपल्या पूर्वजांपुढे धरलेले ते माप आठवावे.