एक शाकु आठ सुन

विणलेली खोल टोपली डोक्यावरून हनुवटीखाली उतरते आणि तुमचा चेहरा जगापासून झाकला जातो. जपानमधलं क्योतो शहर, 1760च्या आसपासचा शरद ऋतू. जन्माने तुम्ही सामुराई. आता फुके पंथाचे कोमुसो, म्हणजे शाकुहाची नावाची उभी बासरी वाजवत भिक्षा मागणारे साधू. म्योआन्जी मंदिरातून निघाला आहात. विणीच्या फटींतून समोरचा रस्ता तुकड्यातुकड्यांनी दिसतो.

हातातली शाकुहाची मादाके बांबूची, मुळाकडच्या गाठींसकट कापलेली. लांबी एक शाकु आठ सुन, म्हणजे साधारण 54.5 सेंटिमीटर. आपल्या बासरीसारखी ती आडवी धरू नका. उभी धरा, वरचं तोंड खालच्या ओठाखाली टेकवा आणि पलीकडच्या तिरक्या धारेवर फुंका. नुसती हवा आली? पुन्हा फुंका. ओठ किंचित आवळा. आता सूर लागला, पण त्याच्या कडेने श्वासाची खरखर वाहतेच आहे. ती राहू द्या. भोकं पाचच : चार पुढे, एक मागे अंगठ्याला. उरलेले स्वर अर्धवट झाकलेल्या भोकांतून आणि मानेतून येतात. हनुवटी झुकवा, सूर उतरतो. त्याला ‘मेरी’ म्हणतात. उचला, चढतो, ती ‘कारी’.

‘क्योरेई’ ही रचना वाजवा. ठेका शोधू नका, इथे तो नाही. श्वास संपेल तिथे ओळ संपते. पंथाच्या लेखी ही मैफल नव्हेच, ध्यान आहे. मांडी घालून बसण्याऐवजी फुंकून केलेलं. दारातून कुणी तांदूळ घालतं, तुम्ही पुढे निघता. तिकडे एदो शहरात कुरोसावा किन्को अशाच रचना जमवून नीट लावतो आहे. त्या टिकल्या, याचं मोठं श्रेय त्याचं.

1871. मेइजी सरकार फुके पंथ बरखास्त करतं. टोपली उतरवा. पोटासाठी आता कोतो आणि शामिसेन या तंतुवाद्यांच्या शेजारी बसा, त्यांच्या लयीत वाजवा. हे वाद्य मुकं झालं नाही, ते अशा वादकांमुळे.

आणि नोव्हेंबर 1967, न्यू यॉर्क. तोरु ताकेमित्सू या संगीतकाराची ‘नोव्हेंबर स्टेप्स’ ही रचना, सेइजी ओझावा संचालन करताहेत. बिवा हे तंतुवाद्य घेऊन त्सुरुता किन्शी, शाकुहाचीवर योकोयामा कात्सुया. वाद्यवृंद थांबतो, दोघंच वाजवत राहतात. पाश्चात्त्य बासरीवादक जी खरखर घालवण्यासाठी वर्षानुवर्षं रियाज करतात, तीच इथे संगीतकाराने मागून घेतली आहे.