बिबा उततो तेव्हा

हरेलीला छत्तीसगडातल्या आमच्या कुरुदमध्ये दारोदारी कडुलिंबाच्या डहाळ्या लागतात आणि उरल्यासुरल्या शेतांत भेलव्याची फांदी खोचतात. हरेली म्हणजे आपली आषाढी अमावस्या, दिव्यांची अवस. आणि भेलवा म्हणजे आपला बिबा. रोगराई, नजर, कीड यांना धाक बसावा म्हणून हे झाड निवडलं, ते उगीच नाही. त्याच्या फळाचं तेल कातडीला लागलं तर काय होतं, हे इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक असतं.

आम्ही मूळचे भंडाऱ्याचे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतरच्या भरतीत वडील इकडे आले आणि आईबरोबर बिब्यांची पुरचुंडीही आली. शनिवारी लिंबू-मिरचीसोबत दारावर बिबा, पायात काटा मोडला की तापवलेल्या बिब्याचा चटका, बाळंतिणीच्या लाडवांत गोडंबी. गोडंबी म्हणजे त्याच फळाच्या आतली बी. ती खायची, पण टरफलातलं काळं तेल अंगाला लागू द्यायचं नाही. विदर्भात बिबे फोडून पोट भरणाऱ्या बायकांचे हात पाहिलेत? काळवंडलेले, भाजलेले. आई बिब्याला हात लावण्याआधी बोटांना खोबरेल चोळायची आणि आम्हाला लांब बसवायची. कुणाला बिबा उतला की अंगावर फोड, सूज, खाज. मग खोबरं वाटून लावायचं.

ग्रंथकारांनाही हे पक्कं माहीत होतं. चरकाने भल्लातकाला, म्हणजे बिब्याला, रसायनात मानाचं स्थान दिलं आणि त्याच वेळी त्याला अग्नीसारखं तीक्ष्ण म्हटलं. वाग्भटाने तो घेणाऱ्याला कुळीथ, दही, आगीची धग आणि अंगाला तेल चोळणंसुद्धा वर्ज्य सांगितलं. औषधात घालण्याआधी बिबे विटेच्या चुऱ्यात घासून त्यांचं तेल उतरवतात. इतकी पथ्यं ज्याला लागतात, त्याला निरुपद्रवी कोण म्हणेल?

परीटसुद्धा याच रसाने कपड्यांवर खुणा करायचे. पक्क्या, धुऊनही न जाणाऱ्या. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी पुरळ उठू लागलं, आणि १९४३ साली अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला. बिब्यातलं द्रव्य त्यांच्याकडच्या विषारी वेलीतल्या द्रव्याचं सख्खं भावंड. आंबा आणि काजूही याच कुळातले. पहिल्या स्पर्शाला अनेकदा काहीच होत नाही. शरीर ओळख ठेवतं आणि पुढच्या वेळी दिवसा-दोन दिवसांनी फोड येतात. म्हणूनच १८९५ मध्ये ब्रेस्लाऊच्या योझेफ याडासोनने संशयित पदार्थ कातडीवर चिकटवून ठेवायचा आणि उशिरा उठणारी खूण पाहायची, अशी पद्धत मांडली. त्वचारोगतज्ज्ञ आजही तीच चाचणी करतात.

हे सगळं आठवायचं कारण, परवा शेजारची मुलगी लालबुंद गाल घेऊन आली. चेहऱ्याला कुठलंसं केशरी तेल रोज चोळत होती. ‘आयुर्वेदिक आहे ना मावशी, मग त्याने कसं होईल?’ मला हसू आलं, थोडा रागही. बिब्याच्या मुलखात राहून हा प्रश्न!

तिच्या तेलात बिबा नव्हता. ते होतं कुंकुमादी तेल. त्याचा पाठ वाग्भटाच्याच अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात आहे: केशर, चंदन, वाळा, लाख, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, शेळीचं दूध, तिळाचं तेल. पण तो क्षुद्ररोगांच्या अध्यायात आहे, म्हणजे वांगासारख्या विकारांवरचं औषध म्हणून. वैद्य आधी माणूस बघायचा, मग तेल द्यायचा. आता बाटली दुकानातून थेट आरशासमोर येते. त्यात सुगंधासाठी आणखी काय घातलंय, हे लेबलावर बारीक अक्षरात असलं तरी वाचतो कोण? चंदनाचं, तिळाचंसुद्धा काहींना वावडं असतं. वनस्पतीतून आलेलं ते सौम्यच, ही समजूत जाहिरातींनी फोफावली. आमच्या आईला ती कधीच पटली नसती.

तेव्हा नवं तेल आणलंत तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावा, आणि एका रात्रीत निकाल देऊ नका. चार-पाच दिवस थांबा. खाज सुटली तर तेल बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरकडे जाताना बाटली बरोबर न्या.