शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाई

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. शाळा नाहीच, लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे सोवळं-ओवळं सोडून, स्वतः विचार करून, १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' ११ अध्यायांवर थांबलं होतं. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागांनी आलं. आजही मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याचं नाव घेतात.

मित्रमैत्रिणींनो, गुरुजनहो, हे वाचताना मला तलवाड्याचा आपला वर्ग आठवतो. सातवी-आठवीतच काही मैत्रिणींची लग्नं झाली, काही आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेल्या. मी इंजिनिअर झाले. गणितात त्यांतल्या दोघी माझ्यापुढे होत्या. मेळाव्याची यादी आपण दहावीच्या हजेरीपटावरून केली, म्हणून त्यांची नावं राहिली. पुढच्या वेळी यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करू या.