नैऋत्य कोपरा: टोर्नेडोचे इशारे आणि विद्यापीठाचं आवार

आज आपण टोर्नेडोबद्दल बोलणार आहोत. मराठीत त्याला घूर्णवाती वादळ असा पारिभाषिक शब्द आहे, पण तो बोलण्यात कुणी वापरत नाही, तेव्हा आपणही टोर्नेडोच म्हणू. वावटळ मात्र म्हणायचं नाही. वावटळ शेतातून पाचोळा उचलते, तर टोर्नेडो घर पायावरून उचलतो. आपल्याकडची कितीतरी मुलं आज अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागातल्या विद्यापीठांत शिकतात. तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना भोंगा वाजला की कुठे जायचं ते सांगितलं जातं. ही सूचना ठरायला शंभरेक वर्षं लागली. आजचा विषय ती शंभर वर्षं.

सुरुवात जॉन फिन्ली यांच्यापासून करावी लागते. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल खात्यातला हा अधिकारी. त्याने 1884 साली टोर्नेडोचे प्रायोगिक अंदाज द्यायला सुरुवात केली आणि आपले अंदाज 96.6 टक्के बरोबर ठरले असं जाहीर केलं. त्यावर गिल्बर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञाने हिशोब करून दाखवला, की रोज डोळे मिटून ‘आज टोर्नेडो नाही’ एवढंच म्हटलं असतं तरी 98.2 टक्के बरोबर आलं असतं! आकडे कसे वाचावेत याचा हा धडा आजही शिकवला जातो. पण फिन्लीची खरी छाप पडली ती दुसरीकडे. 1887 सालच्या पुस्तकात त्याने आसऱ्याचे नियम दिले. वादळ बहुधा नैऋत्येकडून येतं आणि घराला ईशान्येकडे ढकलतं, म्हणून नैऋत्येची बाजू धरावी, ईशान्येच्या खोलीत चुकूनही थांबू नये. तर्क ऐकायला किती सरळ आहे बघा. हा नियम पुढे ऐंशी वर्षं घरोघरी, शाळाशाळांतून पाठ केला गेला. तो कुणी तपासून पाहिला नव्हता.

त्याच दशकात सरकारी अंदाजांमधून ‘टोर्नेडो’ हा शब्दच हद्दपार झाला. लोक घाबरतील, वादळापेक्षा घबराटीनेच जास्त नुकसान होईल, असं वरिष्ठांचं म्हणणं. 18 मार्च 1925 ला मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एक टोर्नेडो गेला, 695 माणसं मेली. त्यांत शाळेच्या वर्गात बसलेली मुलं होती. त्या दिवशीच्या अंदाजात तो शब्द नव्हता. लोकांना घाबरू द्यायचं नाही, या काळजीची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न आम्हाला इथे सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कोंडी फुटली ती लष्करामुळे. 20 मार्च 1948 च्या रात्री ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडो कोसळला आणि विमानांचा चुराडा झाला. तळाच्या जनरलने फॉबुश आणि मिलर या दोन हवामान अधिकाऱ्यांना कामाला लावलं. पाचच दिवसांनी, 25 तारखेला, हवेची लक्षणं तशीच दिसली. दोघांनी भीतभीत इशारा दिला, विमानं आत घेतली गेली, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याच तळावर खरोखरच दुसरा टोर्नेडो आला. योगायोगाचा वाटा त्यात मोठा होता. तरी 1950 साली हवामान खात्याच्या प्रमुखाने शब्दावरचं बंधन उठवलं आणि 1952 पासून खातं स्वतःच अंदाज देऊ लागलं. 9 एप्रिल 1953 ला इलिनॉय विद्यापीठाच्या विमानतळावरच्या रडारच्या पडद्यावर ढगाच्या टोकाला आकड्यासारखं वळण उमटलं. ते रडार खरं म्हणजे पाऊस मोजण्यासाठी होतं. टोर्नेडोची खूण अशी पहिल्यांदा टिपली गेली.

1965 च्या पाम संडेला, 11 एप्रिलला, मध्य-पश्चिम राज्यांत अडीचशेहून अधिक माणसं गेली. इशारे दिलेले होते, पण कोणत्या शब्दाचा अर्थ काय ते लोकांना कळलं नव्हतं. तेव्हापासून दोन शब्द पक्के झाले. ‘वॉच’ म्हणजे हवा तशी बनते आहे, कान उघडे ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे टोर्नेडो दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण मिळाली आहे, तेव्हा आता आत पळा.

पुढच्याच वर्षीची टोपेका शहराची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. कॅन्सस राज्याची ही राजधानी. शहराच्या नैऋत्येला बर्नेट्स माउंड नावाची टेकडी आहे आणि ही टेकडी शहराचं वादळापासून रक्षण करते अशी तिथे जुनी समजूत होती. 8 जून 1966 च्या संध्याकाळी टोर्नेडो नेमका त्या टेकडीवरूनच उतरला. भोंगे वाजले होते. स्थानिक टीव्हीवर बिल कर्टिस नावाचा तरुण बोलत होता. वॉशबर्न विद्यापीठातून नुकताच कायदा शिकून बाहेर पडलेला, वकिलीच्या परीक्षेची तयारी करणारा. त्याने देवाच्या नावाने विनवणी करून लोकांना आसरा घ्यायला सांगितलं. त्याची बायको आणि तान्ही मुलगी त्याच शहरात होती. टोर्नेडो शहर तिरपं कापत गेला, वाटेत वॉशबर्नच्या आवारातल्या जुन्या दगडी इमारती ढासळल्या. एवढ्या मोठ्या शहरातून गेला, पण मृत्यू सोळाच्या आसपास राहिले. इशारा वेळेवर पोचला तर काय होतं, ते इथे दिसलं.

आणि इथेच फिन्लीचा कोपरा मोडला. कॅन्सस विद्यापीठातले जो ईगलमन पडलेली घरं एकेक करून पाहत फिरले. निघालं ते उलटंच. वारा ज्या बाजूने आदळतो त्या बाजूच्या भिंती आधी आत कोसळतात. घर पायावरून सरकतं तेही या ढिगाऱ्याला आवर घालत नाही. दक्षिणेची आणि नैऋत्येची बाजू सगळ्यात धोक्याची, उत्तरेकडचा भाग त्या मानाने बरा. लोक ऐंशी वर्षं ज्या कोपऱ्याकडे धावत होते, नेमका तोच वाईट निघाला.

पुढचा टप्पा टेक्सासमधल्या लबक शहराचा. 11 मे 1970 च्या रात्री तिथे 26 जण मेले. टेक्सास टेक विद्यापीठ त्याच गावात, त्यामुळे स्थापत्यशास्त्राच्या प्राध्यापकांना अभ्यासाचं साहित्य दारातच मिळालं. त्यांत भारतीय वंशाचे किशोर मेहता होते. हवेचा दाब कमी झाल्याने घर आतून फुटतं, म्हणून खिडक्या उघडून ठेवा, अशीही एक सूचना तोवर चालत असे. या मंडळींनी दाखवून दिलं की घर फुटत नाही, वारा ते पाडतो. खिडकी उघडायला गेलेला माणूस काचेसमोर उभा राहतो, एवढंच. त्यांचे सहकारी अर्नस्ट कीसलिंग यांच्या लक्षात आलं, की सगळं घर गेलं तरी मधली एखादी छोटी खोली, बाथरूम किंवा कपड्यांची खोली, उभी राहते. आज ‘सगळ्यात खालचा मजला, मधली छोटी खोली, खिडकी नको’ असं सांगतात, ते इथून आलं. जिमखाना, सभागृह टाळा म्हणतात तेही याच विचाराने, कारण मोठ्या छताला मध्ये आधार नसतो.

5 फेब्रुवारी 2008 ला टेनेसीतल्या जॅक्सन गावच्या युनियन विद्यापीठात याची परीक्षा झाली. संध्याकाळी वसतिगृहं जमीनदोस्त झाली, मुलं ढिगाऱ्याखाली अडकली, पन्नासेक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. एकही मृत्यू नाही. इशारा मिळाल्यावर त्यांना तळमजल्यावर, बाथरूममध्ये नेलेलं होतं.

फोनवर येणारा विद्यापीठाचा संदेश मात्र वादळामुळे फारसा पसरला नाही. एप्रिल 2007 मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये गोळीबार झाला, त्यानंतर 2008 च्या कायद्याने आणीबाणीत ताबडतोब कळवणं विद्यापीठांना बंधनकारक झालं. त्याच यंत्रणेवरून आज टोर्नेडोचाही संदेश येतो.

आणि शेवटी टस्कलूसा. 27 एप्रिल 2011. अलाबामा विद्यापीठाच्या आवाराला चाटून टोर्नेडो गेला. आवारातल्या इमारती वाचल्या. विद्यापीठाचे सहा विद्यार्थी गेले, आणि ते सगळे आवाराबाहेर राहणारे होते. सत्र तिथेच थांबवलं, पदवीदान ऑगस्टवर गेलं. आपल्याकडून गेलेली मुलंही बहुतेक अशीच राहतात, भाडं वाटून घेत, लाकडी घरात, तळघर नसलेल्या जागी. संदेश त्यांच्या फोनवर येतो. मधली खोली कुठली, ते त्यांनी भाडेकरार करण्याआधीच बघून ठेवायला हवं.